न सापडलेली तबकडी

३ फेब्रुवारी

सकाळी तंबोरा येऊन गेला. तंबोरा म्हणजे संगीतकार. वर काटकुळी मान, खाली भोपळा, आणि कोपऱ्यात टेकवून ठेवला तरी स्वतःशीच गुंजत राहतो, म्हणून हे नाव मीच ठेवलं. बाईंची, म्हणजे आमच्या थोर गायिकेची, शेवटची ध्वनिमुद्रिका निघणार आहे. पासष्टी उलटली की माणसाला शेवटचं काहीतरी काढायची हौस येतेच. आठ नवी गाणी आणि नववं 'ते' जुनं, बाईंच्या आवाजात पुन्हा.

"एक नवं तुम्ही लिहा," तंबोरा म्हणाला. "पण ऐकताना लोकांना काहीतरी आठवलं पाहिजे. नवं असून जुनं वाटलं पाहिजे."

नवं असून जुनं! आठवणी लोकांनी जमवायच्या आणि हा आयत्या बिळावर नागोबा जाऊन बसणार. तोंडावर म्हणालो नाही, कारण अठ्ठावीस तारखेपर्यंत गाणं दिलं नाही तर ती जागा चष्मिसला जाईल, असं तो उठता उठता सुनावून गेला. चष्मिस हा आजचा आघाडीचा गीतकार. चंद्र आणि पाऊस या दोन वस्तू जगातून काढून घेतल्या तर हा माणूस दुसऱ्या दिवशी मुका होईल.

'ते' गाणं पोराटोरांनाही पाठ आहे.

येशील तेव्हा ये, मी दिवा विझवते,
उजेड तुझा आण.
वाट तीच आहे रे, दगड तोच आहे,
ठेच तेवढी जाण.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, आज अठ्ठावन्नचा आहे. मधल्या अडतीस वर्षांत चारशे गाणी लिहिली. तरी ओळख करून देताना सगळे तेच एक उगाळतात. एका प्राध्यापकाने त्यात जीव-शिवाची भेट शोधली. दुसऱ्याने विरहाचं शास्त्र मांडलं. गाढवांना गुळाची चव लागली की ती अशी लागते. मला मरायच्या आधी एक गाणं असं लिहायचं आहे की त्यापुढे लोक ते जुनं विसरतील. एकच पुरे. हे एवढं मागणं खरं आहे, बाकी माझा सगळा रुबाब आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोण वाचतंय?

६ फेब्रुवारी

माझी कामाची पद्धत अशी. सकाळी टेपयंत्रावर तीन जुनी गाणी ऐकायची. रसिक लोक ऐकतात तसं डोळे मिटून मान हलवत नाही. वैद्य नाडी बघतो तसं बघायचं, की कुठल्या ओळीला आपल्या आत काय हललं. जे हललं ते कागदावर उतरवायचं आणि त्यावरून आपलं गाणं लिहायचं. चष्मिसला ही मेहनत ठाऊक नाही. तो खिडकीबाहेर बघतो.

आज पहिल्या गाण्याने गोवर आठवला. मी आठ वर्षांचा, अंधाऱ्या खोलीत अंगभर पुरळ घेऊन पडलेला, आणि शेजारच्या खोलीत ताईच्या शिवणयंत्राची खडखड. दुसऱ्याने शाळेतली गायनस्पर्धा आठवली. आदल्या संध्याकाळी चड्डी फाटली होती आणि ताईने ठिगळ असं लावलं की बक्षीस देणाऱ्यालाही दिसलं नाही. तिसरं ऐकताना आई गेली तो आठवडा. घरात माणसं बसलेली, आणि ताई तिसऱ्याच दिवशी मशीनवर, कारण कुणाच्या तरी लग्नाचे कपडे द्यायचे होते.

तीन गाणी, तीन आठवणी, आणि तिन्हीत ही बाई मशीन घेऊन मध्ये. आठवणीत तरी माणसाला थोडा एकांत नको का? वैतागून कागद फाडला.

९ फेब्रुवारी

आठवणीत होती ते बरं म्हणायची वेळ आली. ताई सदेह आली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर एकटी राहू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आणि हिने (म्हणजे माझ्या बायकोने) मला न विचारता तिला आणलं. डोळ्यावर पट्टी, हातात पिशवी, आणि मागून हमालाच्या डोक्यावर पायमशीन!

"ताई, तुला शिवायचं नाही ना महिनाभर?" मी म्हणालो.

"शिवत नाही रे बाबा. पण पाय काय करतील? चाळीस-पन्नास वर्षांची सवय त्यांना."

खरंच सांगतो, सुई काढलेली, दोरा नाही, कापड नाही, आणि ही बाई डोळ्याला पट्टी बांधून रिकामं मशीन चालवते. खर्रर्र... थांबली. खर्र. थांबली. वर आणि गुणगुण. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला एक गाणं धड येत नाही. चाल कुठलीतरी धरते, शब्द आठवले नाहीत की तोंडाला येतील ते घालते. लहानपणी मला वाटायचं की गाणी अशीच असतात. मोठा झाल्यावर खरी गाणी ऐकली तेव्हा कळलं, की मला घरी भेसळ पाजली गेली होती.

१२ फेब्रुवारी

चार ओळी झाल्या! एका बैठकीत, टेपयंत्र न लावता. नव्या पेनाचा गुण असावा. किंवा दोन दिवस चहा कमी केला त्याचा. प्रतिभा अशीच असते, घराचा कितीही बाजार झाला तरी ती आपल्या वेळेला येते. शेजारच्या खोलीत खडखड चालूच होती आणि मी तिच्या नाकावर टिच्चून लिहीत होतो.

तंबोऱ्याला दाखवल्या. त्याने टेबलावर बोटं वाजवत वाचल्या.

"तुमचं एक विचित्र आहे," तो म्हणाला. "ओळ लांब धावते, मग टोकाला येऊन थांबते, मग लहानशी वळते. चारशे गाण्यांत मी हेच पाहिलंय. कुठे शिकलात?"

"शिकलो नाही. जन्मतःच आहे," मी म्हणालो.

आतून तेव्हाच खर्रर्र झालं आणि थांबलं. तंबोऱ्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. ही चहा घेऊन आली, तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली. बायकांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

१४ फेब्रुवारी

आज तबकडीवाल्याकडे गेलो. जुन्या तबकड्यांचा त्याने तीन खोल्या भरून ढीग घातला आहे. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, पण कुठल्या तबकडीच्या मागच्या बाजूला काय आहे ते झोपेत सांगतो. मी वर्षातून एकदा जातो. का जातो ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

लिहून टाकतो. ते गाणं माझं नाही.

म्हणजे पुढची दोन कडवी माझी. पण मुखडा, त्या पहिल्या चार ओळी, मी लहानपणापासून ऐकत होतो. ताई म्हणायची. तिने त्या कुठूनतरी उचलल्या असणार. कुणाचा तरी रेडिओ, कुठलं तरी लग्नातलं कर्कश यंत्र, एखादी विसरलेली तबकडी. वीस वर्षांचा असताना एका नाटकवाल्याला तातडीने गाणं हवं होतं, माझ्याजवळ काही नव्हतं, मी त्या ओळी लिहून दिल्या. वाटलं, जुनं आहे, कोण ओळखणार? ते गाजलं. तेव्हापासून कुणीतरी म्हातारा उठून म्हणेल, "अहो, हे तर अमक्याचं!" या भीतीत मी जगतो आहे. सभेत मागच्या रांगेत पांढऱ्या केसांचं कुणी उभं राहिलं तरी घाम फुटतो. जगाला तोऱ्यात तुच्छ लेखतो तो कसल्यातरी भीतीपोटीच, असं ही एकदा म्हणाली होती. कारण ठाऊक नसतानाही म्हणाली होती.

"चाल म्हणून दाखवा बघू पुन्हा," तबकडीवाला म्हणाला. गाणं माझं नाही हे न सांगता, 'अशाच चालीचं काही जुनं आहे का' असं मी दरवर्षी विचारतो. त्याने मान हलवली. "तीस वर्षं तुम्ही विचारताय, तीस वर्षं मी शोधतोय. असं गाणं निघालंच नाही कधी. घरात कुणाला विचारलंत का?"

मूर्ख माणूस. घरात कुणाला विचारणार? ताईला? तिला काल काय गायली ते आज आठवत नाही.

१७ फेब्रुवारी

अपमान.

बाई स्वतः नवं गाणं ऐकायला घरी आल्या. सोबत तंबोरा. मी कागद काढला, घसा साफ केला, आणि आतून ताईने 'ते'च सुरू केलं. मुखडा झाला आणि पुढे माझ्या अजरामर कडव्याचं तिने हे केलं.

ताट झाकून ठेवलंय, पाणी भरून ठेवलंय,
भांडं वाजवू नको.
मी जागी आहे रे, पण निजले आहे समज,
हाक मारू नको.

अख्ख्या मुलखाला रडवणाऱ्या विरहगीतात ही बाई भांडी घेऊन आली! बाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्या उठून दारापर्यंत गेल्या, आणि गाणं संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"हे कडवं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "कुठलं हे?"

"कुठलंच नाही. माझी बहीण आहे, शिवणकाम करते. शब्द चुकतात तिचे."

माझ्या नव्या चार ओळी त्यांनी ऐकल्या, "छान" म्हणाल्या, आणि डोळे आतल्या दाराकडे. ते गेल्यावर माझा तोल गेला. ताईला म्हणालो, "आयुष्यभर एक गाणं धड म्हणता आलं नाही तुला. निदान लोकांसमोर तरी तोंड बंद ठेव. आणि ती खडखड आज बंद म्हणजे बंद."

ताई म्हणाली, "बरं." मशीनवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

१८ फेब्रुवारी

ताई आपल्या घरी गेली. हीच पोहोचवायला गेली होती, परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. घरात निवांत शांतता आहे. आता लिहायला जोर येईल.

२१ फेब्रुवारी

एक ओळ नाही. नळ ठिबकतो त्याचा त्रास होतो. नळवाल्याला बोलावलं, त्याने नळ दुरुस्त केला आणि मला उपदेश केला. आता ठिबकत नाही याचा त्रास होतो.

२३ फेब्रुवारी

टेपयंत्रावर सोळा गाणी ऐकली. आत काही हललं नाही. लिहिलेल्या चार ओळी परत वाचल्या, त्याही कुणा दुसऱ्याच्या वाटल्या. चष्मिससुद्धा यापेक्षा बरं लिहील असं मनात आलं आणि दिवसभर अन्न गेलं नाही. हिला म्हणालो, "जरा आवाज कमी कर."

"मी नुसती बसलेय," ही म्हणाली. अबोला सोडला तो एवढ्यासाठी. "आता आवाज करणारं घरात कोण राहिलंय? काखेत कळसा अन् गावाला वळसा. चष्मा शोधताय तो कपाळावर आहे."

चष्मा कपाळावरच होता.

२४ फेब्रुवारी

जुनी विजार पिशवीत घालून ताईकडे गेलो. उसवली होती हे निमित्त. ऑपरेशन झालेल्या बाईकडे विजार शिवायला नेणारा मी पहिलाच भाऊ असेन.

चपलांच्या दुकानावर तिची एक खोली. किती वर्षांनी आत गेलो कोण जाणे, एरवी दारातूनच बोलतो. बरणीत बटणं, खडूचे तुकडे, आणि भिंतीवर खिळ्याला तपकिरी कागदाचे कापलेले नमुने, एकावर एक. सहज चाळले. सगळ्यांवर पेन्सिलीने लिहिलेलं, 'धाकटा, चौथी'. 'धाकटा, सहावी'. 'धाकटा, कॉलेज'. माझ्या सगळ्या सदऱ्यांची मापं. पन्नास वर्षांचे कागद कुणी ठेवतं का?

ताई खिडकीशी बसली होती. काळा चष्मा. मशीनला पाय लावलेले, पण हलत नव्हते.

"चालव की," मी म्हणालो.

"नको रे. तुला त्रास होतो."

"नाही होत."

"मग गुणगुणूही का?" तिने भाबडेपणाने विचारलं. मी अडतीस वर्षं नामांकित असलेला गीतकार, तिथे उभा राहून "हो" म्हणालो.

तिने पाय मारला. खर्रर्र, लांब टीप. टोकाला थांबली, हातांनी नसलेलं कापड वळवलं. खर्र, लहान टीप. पुन्हा थांबली. तंबोरा बोलला होता ते माझ्या कानात तेव्हा शिरलं. लांब ओळ, थांबणं, लहान वळण. माझी चारशे गाणी तिच्या सदऱ्यांच्या कडांवर बेतलेली आहेत. मी स्टुलावर बसलो.

मग विचारलं. "ताई, ते 'येशील तेव्हा ये' तू कुठल्या तबकडीवर ऐकलं होतंस?"

"तबकडी? आपल्याकडे तबकडी वाजवायला होतं काय रे?"

"मग रेडिओवर? शेजारी?"

"शेजारी तर नवरा-बायकोची भांडणं ऐकू यायची. तुला आठवत नाही? आई गेल्यावर तू उंडारायला लागलास. शाळा सुटली की कुठे जायचास देव जाणे. इकडे रॉकेल संपायचं. दिवा जाळत कोण बसणार? म्हणून आपलं मशीनवर बसल्या बसल्या म्हणायचे, येशील तेव्हा ये, मी दिवा विझवते."

"आणि दगड? ठेच?"

"उंबऱ्यापाशी नव्हता का तो दगड? रोज आपटायचास अंगठा."

जीव आणि शिव. विरहाचं शास्त्र.

"तू ते आपलं आहे म्हणून कधी बोलली का नाहीस?" माझा आवाज वर गेला.

"त्यात आपलं काय बोलायचं? गाणी म्हणजे काय, मला कुठे येतात ती? शब्द आठवायचे नाहीत म्हणून काहीतरी घालायचे. तू ते छान पुरं केलंस. पेपरात आलं तेव्हा मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं, आमच्या धाकट्याचं म्हणून. फक्त एक मला कधी कळलं नाही. दुसऱ्या कडव्यात तू 'सख्या' घातलंस. तो कोण रे? मी समजले, कॉलेजातला कुणी मित्र असेल."

मला रडू आलं. लपवलं नाही, तिला दिसत नव्हतं. पण ऐकू आलं असावं, कारण तिने मशीन जोरात चालवलं.

२५ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे. तंबोरा, चष्मिस, प्राध्यापक, तबकडीवाला, या सगळ्यांची मूर्खपणाची बेरीज केली तरी माझ्या गुडघ्याला लागणार नाही. अडतीस वर्षं ज्या म्हाताऱ्याची मागच्या रांगेत भीती वाटत होती, तो म्हातारा कधी नव्हताच. बहीण होती, आणि ती माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती.

नवं गाणं पुरं केलं. मशीनचं आहे. रिकामं चालणाऱ्या मशीनचं. आधीच्या चार ओळी काढून टाकल्या. ठेका तिचा आहे, शब्द माझे. फार मोठं नाही.

२८ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ताईलाही नेलं. जाड गालिचा, भिंतीला भोकांच्या फळ्या. ती कडेच्या खुर्चीत बसली आणि फळ्या चाचपून म्हणाली, "या भिंतींना काजं केलीत की रे!"

नवं गाणं आधी झालं. तंबोरा म्हणाला, "बरं आहे." बाई म्हणाल्या, "खरं आहे." अजरामर असं कुणी म्हणालं नाही, आणि ते नव्हतंही.

मग जुनं. बाईंनी मला विचारलंच नाही. त्या थेट ताईसमोर जाऊन बसल्या. "ते ताट झाकलेलं कडवं पुन्हा म्हणाल का?" ताई लाजली, म्हणाली, "माझे शब्द चुकतात हो." तरी ताईने म्हटलं, पाय गालिच्यावर हलत होते. बाईंनी माझी दोन्ही कडवी गाळली आणि तेच गायलं. 'हाक मारू नको'ला काचेपलीकडचा तंत्रज्ञही खाली बघत राहिला. मला मात्र ते आमचं घर दिसलं. मी उंबऱ्याशी चपला हातात घेऊन उभा, आणि आत कुणीतरी झोपेचं सोंग घेऊन पडलेलं.

शेवटी तंबोऱ्याने दोन कागद पुढे केले. दर गाण्याला एक, आणि गीतकाराच्या नावापुढे रिकामी जागा. जुन्यावर माझं नाव त्याने आधीच सवयीने लिहून ठेवलं होतं.

ताईला डोळ्यांमुळे अजून वाचता येत नव्हतं. बाईंना मी काही सांगितलं नव्हतं. मी काही केलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, आणि हा विचार मी पुरता दोन मिनिटं केला, हेही लिहून ठेवतो.

मग माझं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. तंबोऱ्याने वाचलं. "काय करताय? अहो, हे गेलं तर तुमच्याकडे राहिलं काय?"

"चारशे एक गाणी," मी म्हणालो. "तुला त्यातलं एखादं आठवतं का?"

तो गुंजायचा थांबला. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच.

"काय लिहिलंस रे इतका वेळ?" ताईने विचारलं.

"तुझं नाव."

"माझं? कशाला?" मग माझी बाही धरून ती हळूच म्हणाली, "लिहिलंच आहेस तर पुढे 'शिवणकाम करून मिळेल' असंही लिही."

मी लिहिलं.